दूध होतं, तरी पाजलं नाही

फॉस्टर केअरचं पहिलं बाळ आमच्या घरी आलं तेव्हा माझी लेक सव्वा वर्षाची होती आणि झोपताना अजून अंगावर पीत होती. म्हणजे एका घरात भुकेलं तान्हं बाळ आणि दूध येणारी बाई, दोघंही हजर. बाहेरून बघणाऱ्याला यात प्रश्न कुठे आहे हेच कळत नाही. सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगं, मग लाव की छातीला. डबे कसले उघडतेस?" मैत्रिणीने तेच जरा आडून विचारलं. नवऱ्याने काहीच विचारलं नाही, फक्त पावडरचे चमचे मोजता मोजता दोनदा हिशेब चुकला आणि माझ्याकडे बघितलं.

मी त्याला पाजलं नाही. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण या विषयावर दोनच प्रकारची मतं कानावर येतात. एक, "आईचं दूध ते आईचं दूध, कुणाचंही असो." दुसरं, "शी, परक्याचं मूल अंगावर?" पहिल्याशी माझं निम्मं जमतं. दुसरं ऐकलं की मी विषय बदलते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण लोक सर्रास घोळ घालतात. फॉस्टर केअर म्हणजे दत्तक नाही. बाळाची आई आहे, तिला बाळ हवं आहे, ती काही कारणाने आत्ता सांभाळू शकत नाही आणि तिचं घर पुन्हा उभं राहीपर्यंत बाळ आमच्याकडे. किती दिवस, ते कुणालाच माहीत नसतं. तारखा पडतात, पुढे ढकलल्या जातात. आमच्याकडे आलेला हा तीन आठवड्यांचा मुलगा होता. त्याची आई का अडचणीत होती ते इथे लिहिणार नाही, ती गोष्ट तिची आहे. त्याचं नावही लिहिणार नाही. बाळ म्हणते.

तर बाळ आलं संध्याकाळी, आणि रात्री पहिल्यांदा रडलं तेव्हा माझा कुडता दोन्ही बाजूंनी भिजला.

याचं मला आश्चर्य वाटायला नको होतं. शरीर नातं विचारत नाही. रडण्याचा आवाज कानावर पडला की मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, ते दूधग्रंथींभोवतीचे बारीक स्नायू आवळतं आणि दूध पुढे ढकललं जातं. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन वेगळं, बाहेर सोडणारं हे वेगळं. दवाखान्यात ताटकळत बसलेलं असताना तिसऱ्याच बाईचं बाळ रडलं तरी पान्हा फुटतो, हे कुठलीही पाजती बाई सांगेल. पण दवाखान्यात ते बाळ तिसऱ्याच बाईच्या मांडीवर असतं. इथे ते माझ्या कुशीत होतं, मान वळवत होतं, तोंड उघडत होतं आणि कुडत्याच्या बटणाला लुचायला बघत होतं.

गालाला काही लागलं की त्या बाजूला तोंड फिरवायचं, ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे. बोट लावलं तरी तो तेच करायचा. हे मी स्वतःला मुद्दाम सांगत होते, कारण अर्ध्या रात्री, झोप झालेली नसताना, "याने मला निवडलं" असं वाटायला फार वेळ लागत नाही. त्याने मला निवडलेलं नव्हतं. उलट, त्याची निवड आधीच झालेली होती. १९७५ मध्ये एडन मॅकफार्लेन या संशोधकांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे: नवजात बाळाच्या डोक्याच्या एका बाजूला त्याच्या आईच्या छातीवरचं दुधाने भिजलेलं कापड, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या बाईचं. दोन दिवसांच्या बाळांना फरक कळत नव्हता. सहा दिवसांची बाळं आपल्या आईच्या कापडाकडे जास्त वळत होती. आमचं बाळ तर तीन आठवड्यांचं. ते कोरी पाटी होऊन आलेलं नव्हतं, त्याच्या नाकात त्याची आई होती.

दुसऱ्या दिवशी सोशल वर्कर मॅडमना मी पहिली विनंती केली ती त्यासाठीच. "त्याच्या आईने अंगात घातलेला, न धुतलेला एखादा टीशर्ट मिळेल का?" त्या जरा थबकल्या. मग म्हणाल्या, बघते. मिळाला. तो मी माझ्या खांद्यावर टाकून बाटली द्यायचे. (पाळण्यात बाळाजवळ सुटं कापड ठेवायचं नाही. एवढ्या लहान बाळाच्या नाकातोंडावर ते येऊ शकतं.)

आता परवानगीचं. बऱ्याच ठिकाणी फॉस्टर पालकाला बाळाचं जावळ कापायचं तरी विचारावं लागतं. जन्मदात्या आईचा हक्क संपलेला नसतो, तो थोडा बाजूला ठेवलेला असतो. मग स्वतःच्या अंगावरचं दूध देणं ही गोष्ट न विचारता करण्यासारखी कशी असेल? मी मॅडमना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की आईची लेखी संमती, डॉक्टरांचं मत आणि वरची मंजुरी, हे सगळं झाल्याशिवाय नाही. मला त्याचा राग आला नाही. माझा धंदाच जमाखर्च तपासण्याचा. सही कुणाची लागते हे विचारण्यात मला कधी अपमान वाटत नाही.

पण संमतीच्या आधी एक कोरडा, वैद्यकीय मुद्दा आहे आणि "आईचं दूध ते आईचं दूध" म्हणणारे तो नेमका गाळतात. एचआयव्ही आणि एचटीएलव्ही-१ हे विषाणू दुधातून बाळाकडे जाऊ शकतात. सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) हा विषाणूसुद्धा जातो, पूर्ण दिवसांच्या सुदृढ बाळाला तो सहसा त्रास देत नाही, दिवस भरायच्या फार आधी जन्मलेल्या बाळाला देऊ शकतो. बाईच्या तपासण्या करून यातल्या बऱ्याच शंका मिटवता येतात. मला चाचण्या करून घ्यायला काहीच हरकत नव्हती. उलटी बाजू मात्र कुणी विचारात घेत नाही: बाळाकडून बाईकडे. १९८८-८९ मध्ये सोव्हिएत संघातल्या एलिस्ता शहरात रुग्णालयातून मुलांना एचआयव्हीची लागण झाली आणि त्या मुलांना पाजणाऱ्या काही आयांनाही त्यांच्यापासून ती झाली. बाळाच्या तोंडात जखमा, आईच्या बोंडांना चिरा, एवढं पुरतं. आणि तान्ह्या बाळाची साधी अँटिबॉडी चाचणी तर फसवी असते. आईकडून आलेल्या अँटिबॉडीज त्याच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे विषाणूच शोधणारी पीसीआर चाचणी लागते, तीही एकदा करून भागत नाही. माझ्याकडून पुढे माझ्या लेकीकडे काही जाणं हाही प्रश्न होताच. एकाच छातीवर दोन घरची मुलं.

बाळाच्या बाबतीत नंतर सगळं ठीक निघालं. पण ते कळेपर्यंत जे दिवस गेले, ते दूध उत्तम की पावडर उत्तम या वादात काढण्याचे नव्हते.

याच काळात मी रात्री बाटली देताना फोनवर भलभलतं वाचायचे आणि त्यातून लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलपर्यंत पोचले. नावात हॉस्पिटल असलं तरी तो सोडलेल्या मुलांसाठीचा आश्रम. थॉमस कोरम या निवृत्त कप्तानाने खटपट करून १७३९ मध्ये त्याची सनद मिळवली आणि १७४१ मध्ये पहिली बाळं आत घेतली गेली. आई बाळ आणून सोडायची, आणि पुढेमागे ओळख पटावी म्हणून कापडाचा तुकडा, नाणं, फीत असं काहीतरी नोंदीसोबत राहायचं. बाळाला तिथे नवं नाव मिळायचं. मग त्याला गावाकडच्या एखाद्या बाईकडे पाठवायचे. ती पगारी दूधआई. ती बाळाला पाजायची, वाढवायची, आणि मूल पाचएक वर्षांचं झालं की ते परत लंडनला, आश्रमात. कधीतरी एक गाडी येऊन त्याला घेऊन जायची.

म्हणजे तात्पुरत्या पालकाने छातीला लावणं यात नवं काहीच नाही. उलट बाटली, रबरी बोंडं आणि धड पावडर येईपर्यंत तान्ह्या बाळाला जगवायचा तोच खात्रीचा मार्ग होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या धोरणातही, आई पाजू शकत नसेल तर काय, या प्रश्नाला आधी आईचं काढलेलं दूध, मग निरोगी दूधआई किंवा दूधपेढी, आणि मग वरचं दूध, तेही वाटीने, असे पर्याय दिलेले आहेत. दूधआईला कुणी हद्दपार केलेलं नाही. मला मात्र त्या गाडीने सोडलं नाही. पाच वर्षांच्या पोराला काय सांगितलं असेल? आणि त्या बाईला? तिच्या हिशेबात पगार होता, बाकीचं कुठल्या रकान्यात लिहायचं होतं?

माझा निर्णय तिथे झाला असं म्हणणार नाही. तो झाला भेटीच्या खोलीत.

भेटीची खोली म्हणजे आई बाळाला भेटायला येते ती जागा: दोन खुर्च्या, एक चटई, कोपऱ्यात खेळण्यांचा खोका आणि दाराच्या काचेपलीकडे कुणीतरी. बाळाची आई माझ्यापेक्षा बरीच लहान. मी तिला "तुम्ही" म्हणत होते, ती मला "मॅडम". बाळ तिच्याकडे दिलं. त्याने तोंड फिरवलं आणि तेच सुरू केलं जे तो माझ्याकडे करायचा. तिने पटकन जॅकेटची चेन वर ओढली. पण मी पाहिलं होतं. मीही त्याच कारणासाठी दिवसभर जाड कपडे घालत होते.

मी विचारलं, "दूध येतंय अजून?"

ती म्हणाली, "येतं. बाथरूममध्ये पिळून टाकते. त्याला चालत नाही ना आता."

कोण म्हणालं चालत नाही? कुणीच नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं. बाळ नेलं म्हणजे दूधही बंद, असं तिने स्वतःच धरून चाललं होतं आणि फायलीत त्यासाठी रकाना नव्हता. मॅडम चांगल्या होत्या, भरपूर काम करणाऱ्या होत्या, पण त्यांच्या डोक्यात "फीडिंग" या शब्दासमोर पावडरचं नाव लिहिलेलं होतं आणि तिथे विषय संपत होता.

त्या क्षणापासून मला माझ्या दुधात रस उरला नाही. जिचं बाळ होतं तिच्याकडे दूध होतं आणि ते मोरीत जात होतं. मी माझं देत बसले असते तर तिचं आटलं असतं. दूध मागणीवर चालतं. तान्ह्या बाळाच्या आईला ते टिकवायचं तर दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा तरी काढावं लागतं, रात्रीसुद्धा, कारण रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं. छातीत साचून राहिलेलं दूध पुढचं दूध थांबवायचा इशारा देतं. छाती ठणकली की ती जेमतेम पिळून टाकत होती, म्हणजे रोज थोडं कमी होत होतं. पहिल्या आठवड्यांत ही घडी बसते किंवा विस्कटते.

डॉक्टरांनी तिच्या चाचण्या आणि चालू औषधं पाहिली आणि हिरवा कंदील दिला. इथे एक सांगते, कारण यावरून फार अफवा असतात: औषध चालू आहे म्हणजे दूध बंद, असं सरसकट नसतं. व्यसनमुक्तीसाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या आणि त्यावर स्थिर असलेल्या आयांनाही पाजायला प्रोत्साहन दिलं जातं, त्याने, पोटात असताना मिळणारं औषध जन्मानंतर तुटल्यामुळे बाळाला होणारा त्रास कमी होतो असं दिसलेलं आहे. आमच्याकडे तो मामला नव्हता. पण ठरवायचं डॉक्टरांनी, काचेपलीकडून बघणाऱ्याने नाही.

मग पंप. मग पिशव्या. मग बर्फाच्या वड्या आणि एक जाड झाकणाचा डबा. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, बर्फासकट डब्यात एक दिवस, डीप फ्रीजरमध्ये सहा महिने उत्तम. गोठवलेलं फ्रीजमध्ये वितळवलं की चोवीस तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. मायक्रोवेव्ह नको, काही थेंब उकळतात आणि काही गार राहतात. हे सगळं मी एका कागदावर लिहून तिला दिलं, एक मॅडमना दिलं, एक आमच्या फ्रीजवर लावलं. माझ्यासारख्या बाईला यात फार सुख मिळतं, ते लपवत नाही.

तिच्या पिशव्यांवर तिच्या अक्षरात तारीख आणि वेळ असायची. पहाटे तीन वीस. सकाळी सहा पाच. पहिल्यांदा जो डबा आला त्यात इतकं कमी होतं की ती देताना माफी मागत होती. मी म्हटलं, "हे एक वेळचं झालं. बाकीच्या वेळा पावडर आहे. पण ही एक वेळ तुझी." कधी "तुम्ही" सुटलं आणि "तू" आलं मला कळलं नाही. तीही "ताई" म्हणायला लागली.

आमच्या फ्रीजचा वरचा कप्पा तिचा झाला. लेकीने एकदा विचारलं, "बाळाचं?" म्हटलं, "बाळाच्या आईचं." ती लगेच माझा कुडता ओढून म्हणाली, "हे माझं." बरोबरच होतं. तिला मी आतल्या खोलीत, दार लोटून पाजत राहिले. बाळासमोर नाही. हे त्याच्यासाठी होतं की माझ्यासाठी, सांगता येणार नाही.

भेटींमध्ये अंगावर पाजू द्यावं का यावर बरीच कुरबुर झाली. एकाचं म्हणणं, बाळ गोंधळेल, मग बाटली धरणार नाही. दुसऱ्याचं, आई निघून गेल्यावर त्याला जास्त त्रास होईल. माझं म्हणणं एवढंच होतं की बाटली रोज मी देतेय, धरायची नाही धरली तर निस्तरायचं मला आहे, तुम्ही का घाबरता? शेवटी परवानगी मिळाली. तोपर्यंत त्याला बाटलीची सवय झाली होती, पहिल्यांदा छातीला लावल्यावर तो दोनदा ओढून, दूध ताबडतोब येत नाही बघून किंचाळला. ती रडवेली झाली. मी खोलीत होते. "त्याला आधी हातावर थेंब काढून चाटव, पान्हा फुटू दे, मग लाव." तिने मान हलवली, पण काचेकडे बघत. कुणीतरी बघत असताना पान्हा लवकर फुटत नाही, भीतीने आणि लाजेने ऑक्सिटोसिन अडतं. मी उठून काचेसमोर जाऊन उभी राहिले. माझी पाठ बऱ्यापैकी रुंद आहे.

घरी मी बाटली देताना तिच्या कामात आड येणार नाही असं बघायचे. बाळाला जवळजवळ उभं धरायचं, बाटली आडवी, म्हणजे दूध आपोआप घशात ओघळत नाही, ओढावं लागतं. मधे मधे थांबायचं. निम्मं झालं की कूस बदलायची, जसं पाजताना बदलतो. सर्वांत सावकाश धार देणारं बोंड वापरायचं. याने वेळ दुप्पट लागतो आणि मागे कुणीतरी हमखास म्हणतं, "अगं, झोपला तो, ओत लवकर."

आणि मी? माझं काय झालं? काही आठवडे त्रास झाला, खरंच सांगते. त्याच्या रडण्याने छाती दाटायची, ते लेकीच्या एका-दोन वेळांत रिकामं व्हायचं नाही, गाठ झाली, एकदा ताप आला. गार पट्ट्या, थोडंसंच काढायचं, पूर्ण रिकामं करायचं नाही, नाहीतर शरीराला वाटतं मागणी वाढली. त्याला उघड्या छातीवर झोपवून घेण्याबद्दल मी वेगळं विचारलं होतं. १९७८ मध्ये बोगोटा इथे एडगर रे या डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांसाठी हा उपाय सुरू केला, त्यालाच कांगारू पद्धत म्हणतात. बाळाच्या आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुमच्या मिस्टरांनी घेतलं तर चालेल." मला हसू आलं, मग पटलं. तेव्हापासून संध्याकाळी बाळ नवऱ्याच्या छातीवर आणि मी स्वयंपाकघरात.

दूधपेढीचं दूध का नाही घेतलं, असंही विचारतात. पेढीत दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात, सुरक्षित असतं, पण ते मुळातच कमी असतं आणि आधी कमी दिवसांच्या, काचेच्या पेटीतल्या बाळांना जातं. आमचं बाळ सव्वाचार किलोचं, गुबगुबीत. त्या रांगेत उभं राहणं मला बरं दिसलं नसतं.

सगळ्यांनीच माझ्यासारखं करावं असं मी म्हणत नाही. प्रशिक्षणात भेटलेल्या एका ताईंनी बहिणीचं बाळ सांभाळलं आणि अंगावर पाजलं. बहिणीनेच मागितलं, कागदावर दिलं, चाचण्या झाल्या. ते मूल मोठं झाल्यावरही त्याच घरात येणार-जाणार होतं. तिथे मी काय बोलणार? ज्या मातेला स्वतः पाजणं शक्यच नाही आणि जी म्हणते, "पावडरपेक्षा तुमचं द्या," तिला नाही म्हणायला माझ्याकडे कारण नाही. तिथेही धर्म विचारावा. इस्लाममध्ये एकीच्या अंगावर ठरावीक वेळा प्यायलेली मुलं दूधभावंडं होतात आणि त्यांचं आपसात लग्न होत नाही. आपण भूक भागवली असं समजतो, आणि त्या घराच्या दृष्टीने नातं जोडलेलं असतं. ते जोडायचं की नाही हे आईबापांनी ठरवायचं.

आणि ज्यांना दूध येत नाही पण आणायचं आहे, त्यांच्याबद्दल. मूल न होताही पंप, गोळ्या आणि चिकाटीने दूध आणता येतं, दत्तक घेणाऱ्या काही आया ते करतात. कॅनडातल्या डॉ. जॅक न्यूमन आणि लेनोर गोल्डफार्ब यांची पद्धत त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण तिला तयारीला महिने लागतात. त्यात दूध वाढवायला वापरलं जाणारं डॉम्पेरिडोन हे औषध हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं, म्हणून ते डॉक्टरांशिवाय नाहीच. दत्तकाची तारीख आधी कळते. फॉस्टर केअरचा फोन दुपारी येतो आणि बाळ संध्याकाळी दारात असतं. एवढा खटाटोप ज्या बाळासाठी करायचा ते पुढच्या तारखेला जाऊ शकतं.

शेवटी माझा हिशेब तिथे येऊन थांबतो. माझ्याकडे असताना मी असंच काही सुरू करावं जे माझ्यानंतर दुसऱ्या कुणाला पुढे चालवता येईल. बाटली, बोंडाचा नंबर, वेळा, झोपवायची पद्धत हे वहीत लिहून देता येतं. छाती देता येत नाही. १९६०च्या दशकात जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या ब्रिटिश संशोधक जोडप्याने काही लहान मुलांना थोड्या दिवसांसाठी घरी सांभाळलं आणि त्याचं चित्रीकरण केलं. त्या मुलांच्या आया बाळंतपणाला गेल्या होत्या. मुलांना सांभाळताना ते आईचा फोटो दाखवायचे, तिच्याबद्दल बोलायचे, तिची जागा धरून ठेवायचे. ती मुलं थोडी मोठी, बोलणारी होती. तीन आठवड्यांच्या बाळाला फोटो काय दाखवणार? त्याला दाखवायला माझ्याकडे टीशर्ट होता आणि वरच्या कप्प्यातल्या पिशव्या होत्या.

सगळं गोड झालं असं समजू नका. तिचं दूध मध्येच खूप कमी झालं, एका वाईट आठवड्यात ती भेटीला आलीच नाही, डबाही आला नाही आणि मी तिच्यावर मनातल्या मनात चिडले. मग पुन्हा सुरू झालं, पण आधीइतकं नाही. बाळ घरी गेलं तेव्हा ते निम्मं अंगावर आणि निम्मं वरचं पीत होतं. मी वही दिली, उरलेल्या पिशव्या बर्फात घालून दिल्या, पंप तिच्याकडेच होता. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला: "ताई, रात्री बाटली घेत नाही, फक्त माझंच मागतो. काय करू?"

मी लिहिलं, "काही नको करूस. झोपून पाज."

त्यानंतर आमच्याकडे आणखी एक बाळ आलं. फोनवर मॅडम नवीन होत्या, वय, वजन, पावडरचं नाव सांगत होत्या. मी विचारलं, "आईला दूध येतंय का? तिने काढायला सुरुवात केली का?" त्या म्हणाल्या की हे त्यांनी विचारलेलं नाही, उद्या बघू. मी म्हटलं, "उद्या नको. आत्ता विचारा, मी फोन धरून थांबते."